नांगर पाण्याखाली असतो

आधी प्रश्न काय होता ते सांगते. बारा वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वासात आलेल्या एक ताई लिहितात, "सुरुवातीला प्रार्थनेला बसलं की डोळे भरून यायचे. वचन वाचताना ते माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटायचं. गेलं दीड वर्ष मात्र सगळं कोरडं. बायबल उघडते, शब्द डोळ्यांपुढून नुसते जातात. प्रार्थनेला बसले की दोन मिनिटांत मन घरखर्चावर, मुलांच्या परीक्षेवर, नाहीतर फोनवर. रविवारी उपासनेत गाणी म्हणताना आपण ढोंग करतोय असं वाटतं. माझा विश्वास गेला का? स्थिर राहायला रोज नेमकं काय करायचं? आणि उपासनेत गाऊ की गप्प बसू?"

मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. गेली सव्वीस वर्षं लोकांची आत्मिक सोबत करते. म्हणजे महिन्यातून एकदा माणूस येतो, तासभर बसतो, देवाशी त्याचं कसं चाललंय ते बोलतो आणि मी बहुतेक वेळ ऐकते. एरवी ऐकण्याचंच काम असल्यामुळे लिहायला बसले की लांबण लागते, तेवढं सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न. विश्वास गेला का? मला तसं वाटत नाही, आणि हे तुम्हाला धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये जॉन ऑफ द क्रॉस नावाचे एक संन्यासी होऊन गेले. १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या बंधूंनी त्यांना धरून टोलेडोमध्ये एका अरुंद खोलीत कोंडलं. जवळजवळ नऊ महिने ते तिथे होते, पुढच्या ऑगस्टमध्ये निसटले. कोरडेपणाबद्दल या माणसाचं बोलणं मी ऐकते, कारण तो फुकटचं बोलत नाही. त्यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण दुसऱ्याही कशात वाटत नाही, ही पहिली. आपण देवापासून मागे सरतोय ही चिंता मनाला लागून राहते, ही दुसरी. आणि पूर्वी जसं विचार करून, डोळ्यांपुढे प्रसंग उभा करून मनन जमायचं तसं आता जमत नाही, ही तिसरी. तिन्ही एकदम असतील तर हा विश्वास थंडावल्याचा प्रकार नव्हे, देवच माणसाला पुढच्या वर्गात नेतो आहे असं ते म्हणतात. या काळाला त्यांनी "अंधारी रात्र" असं नाव दिलंय.

यातली दुसरी खूण मला सगळ्यात कामाची वाटते. ज्याचा विश्वास खरंच गेलेला असतो तो मला असं पत्र लिहीत नाही. त्याला मोकळं वाटत असतं. रविवारची सकाळ रिकामी मिळाली म्हणून तो खूश असतो. तुम्ही दीड वर्ष झोप उडवून घेतली आहे.

पहिली खूण मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. प्रार्थना कोरडी आणि रात्री दीडपर्यंत बघितलेली मालिका गोड, असं असेल तर ती अंधारी रात्र नाही, ते जागरण आहे. मी स्वतः एकदा या दोन्हींत गल्लत करून बसले होते म्हणून सांगते.

आता "स्थिर" या शब्दाकडे वळते, कारण निम्मं दुखणं तिथे आहे. स्थिर म्हणजे आतून काही हलू नये, असं आपण धरून चालतो. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. हा नांगर पडद्याच्या आत जाऊन पोहोचलेला आहे, म्हणजे आपल्याला दिसत नाही अशा ठिकाणी. रोमच्या भुयारी दफनभूमींत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी कोरलेले नांगर आजही दिसतात. नांगरलेली होडी कधी नीट बघितली आहे का? ती अजिबात स्थिर नसते. वारा फिरला की ती फिरते, भरतीला एका अंगाला, ओहोटीला दुसऱ्या अंगाला, वर-खाली तर सतत. फक्त वाहून जात नाही, एवढंच. आणि होडीत उभं राहून नांगर लागलाय की नाही हे कळत नाही. तो पाण्याखाली, चिखलात रुतलेला असतो.

दोराचंही एक आहे. दोर आखूड ठेवला तर प्रत्येक लाटेबरोबर नांगराला वर हिसका बसतो आणि तो सुटतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडतात, मग ओढ आडवी बसते आणि नांगर आणखी रुततो. मराठीत जमीन उकरणारा तोही नांगर आणि होडी धरणारा हाही नांगरच, ते मला फार आवडतं. दोघांचं काम मातीत. रोज रात्री "आज देव जवळ वाटला का?" म्हणून जो दोर ओढून बघतो, तो आपल्याच हाताने नांगर उपटत असतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिले तीन महिने एकच बंधन घालते: वाटण्याची मोजणी बंद. हजेरीची मोजणी चालेल.

हजेरी म्हणजे काय, ते आता सांगते. हा तुमचा दुसरा प्रश्न.

आईच्या मृत्यूनंतर माझे चौदा महिने असेच गेले. त्याच सुमारास मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एक जुनं भांडण उफाळलं होतं, त्यात माझंही नाव ओढलं गेलं. प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्दच निघायचा नाही. निघाला तर तो कोणाला तरी मनातल्या मनात दिलेलं उत्तर असायचा. ज्या वयस्कर भगिनीकडे मी तेव्हा जायचे त्यांना सांगितलं, "मला प्रार्थना येत नाही." त्या म्हणाल्या, "मग करू नकोस. दुसऱ्याची वाच. मोठ्याने वाच." आणि ८८ वं स्तोत्र दिलं. घरचे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी ते कुजबुजत वाचलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" असं कुठेतरी येतं. मी त्या वळणाची वाट बघत राहिले. स्तोत्र अंधाराशी येऊन थांबलं आणि संपलं. पान चिकटलंय की काय म्हणून मी उलटून पाहिलं. पुढे ८९ वं होतं.

त्या रात्री मला कसलाही प्रकाश दिसला नाही. पण जे मला देवाला सांगायला लाज वाटत होती ते त्याच्याच पुस्तकात, त्याच्याच उपासनेच्या गाण्यांत छापलेलं होतं. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास स्तोत्रं रडण्याची, कुरकुरीची आणि "कोठवर?" असं विचारण्याची आहेत. आपल्या उपासनांत तेवढी कधी गायली जात नाहीत, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे. आनंदाची गाणी एवढी, की दुःखी माणसाला वाटतं आपण चुकीच्या दारातून आत आलो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की स्वतःचे शब्द सुचेपर्यंत थांबू नका, उसने घ्या. यात कमीपणा नाही. प्रभू येशूने वधस्तंभावरून जे उच्चारलं त्यातली दोन वाक्यं स्तोत्रांतली आहेत, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे २२ व्या स्तोत्रातलं आणि "तुझ्या हाती माझा आत्मा सोपवतो" हे ३१ व्यातलं. लहानपणी पाठ केलेलं त्या घटकेला ओठांवर आलं.

पाठांतराची ताकद मी एकदा फार जवळून पाहिली. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेल्या एका गृहस्थांना भेटायला गेले होते. उजवा हात मांडीवर निपचित, ओठाचा कोपरा ओघळलेला. बायकोचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते आणि "ब… ब…" याच्यापुढे काही जात नव्हतं. ती फीडिंग कप हातात धरून तशीच उभी. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी प्रभूची प्रार्थना सुरू केली. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं मी म्हटलं आणि "तुझे नाव पवित्र मानले जावो" हे त्यांनी म्हटलं. स्पष्ट. तिथून आमेनपर्यंत आम्ही तिघं एकत्र म्हणालो. आमेननंतर त्यांनी बायकोकडे बघून काही बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा "ब… ब…" डॉक्टरांना यात नवल नव्हतं. वाक्य जुळवून बोलणं गेलं तरी वर्षानुवर्षं घोकलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, असं त्यांनी समजावलं. मी त्या दिवसापासून "नुसतं पाठ म्हणण्यात काय अर्थ" हे वाक्य बोलणं सोडलं.

आपल्याकडे घोकंपट्टी हा शब्द बदनाम आहे. पहिल्या स्तोत्रात जो मनुष्य परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो तो पाण्याजवळच्या झाडासारखा आहे असं म्हटलंय. तिथे मूळ हिब्रूत "मनन" साठी जे क्रियापद आहे तेच यशयाच्या ३१ व्या अध्यायात भक्ष्यावर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलंय, आणि ३८ व्यात पारव्याच्या घुमण्यासाठी. म्हणजे डोळे मिटून खोल विचार करणं एवढाच त्याचा अर्थ नाही. घशातून आवाज काढून पुटपुटणं हेही मननच. तुमचं डोकं थकलेलं आहे, ठीक. घसा तर चालतो आहे ना?

रोज काय करायचं, तर एवढं. एक ठरलेली खुर्ची. एक ठरलेली वेळ, आणि ती घड्याळाला न बांधता आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा: मुलं शाळेत गेली की, किंवा अंघोळ झाली की. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवला, सायलेंटवर टाकला हे मी ऐकून घेणार नाही, दुसऱ्या खोलीतच ठेवा. बायबल छापील घ्या, कारण ॲपमध्ये वचनाच्या वरच्या बाजूला मेसेज येतात. एक स्तोत्र आवाज काढून वाचा. दोन मिनिटं काही न बोलता बसा. मग प्रभूची प्रार्थना, प्रत्येक ओळीला एक श्वास देऊन. दहा मिनिटांत उठा. बरं वाटत असलं तरीही उठा, निदान पहिले काही आठवडे.

"एवढंच?" असं सगळे विचारतात. जानेवारीत मंडळीमंडळीत वर्षभरात बायबल वाचण्याचे तक्ते वाटले जातात. ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीनहून थोडे जास्त. उत्पत्तीचं पुस्तक झपाट्याने होतं, निर्गमाच्या पुस्तकात मंडपाची मापं आली की वेग मंदावतो, लेवीयच्या पुस्तकात तक्ता फ्रीजवर लटकलेला राहतो आणि माणूस अपराधी वाटून घेत तिथून पुढे वर्षभर बायबलच उघडत नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर वाचावं. पण कोरड्या काळात हे करू नये. जर्मनीत डीट्रिख बोनहोफर या पाळकांनी १९३५ मध्ये फिंकनवाल्ड इथे पाळक होणाऱ्या तरुणांची शाळा चालवायला घेतली, तिथे रोज अर्धा तास शांत मनन असे आणि आठवडाभर तोच एक छोटा उतारा. सात दिवस तीच वचनं. विद्यार्थी कुरकुरले, काय करायचं तेच कळत नाही म्हणाले. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ती शाळा बंद पाडली. पुढे त्यांतले कित्येक तुरुंगात गेले, कित्येक युद्धात मेले, आणि खुद्द बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिली गेली. सलग काही वाचायचंच असेल तर मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, मोठ्याने वाचलं तर दीड तासाच्या आसपास होतं. एखाद्या दुपारी एका बैठकीत ऐकल्यासारखं वाचून काढा, मजा येते.

मन भरकटतं म्हणता. ते भरकटणारच. अविलाची टेरेसा, जिला प्रार्थनेची गुरू म्हणतात, तिने स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासाला तिचं लक्ष तास कधी संपतो याकडेच असायचं. भरकटलेलं लक्षात आलं की न रागावता एका वाक्यावर परत या. पूर्वेकडच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स, मंडळ्यांत शतकानुशतकं चालत आलेलं वाक्य आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." पहिला अर्धा श्वास घेताना, दुसरा सोडताना. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात मागे उभा राहिलेला जकातदार आणि यरीहोच्या वाटेवरचा आंधळा जे ओरडतात त्याचंच हे सार आहे. दहा मिनिटांत वीस वेळा परत यावं लागलं तर वीस वेळा प्रार्थना झाली असं धरा.

फोनचं जरा वेगळं सांगते. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने एका भुताचं वर्णन केलंय. हे भूत भर दुपारी येतं. त्या साधूला सूर्य हलतच नाही असं वाटू लागतं, दिवस पन्नास तासांचा होतो. तो सारखा खिडकीकडे बघतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून बाहेर डोकावतो, आपल्या खोलीचा, आपल्या कामाचा त्याला वीट येतो, दुसऱ्या ठिकाणी गेलो तर देव नक्की सापडेल असं वाटतं. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचून मी हसले, कारण मी दिवसातून चाळीसदा ज्या खिडकीत डोकावते ती माझ्या पर्समध्ये असते. त्या वाळवंटातल्या लोकांचा उपाय सोपा होता: खोलीतच राहा. हातात काही काम घे, तोंडात एखादं वचन ठेव, पण उठू नकोस.

रात्रीची एक सवय मात्र मी सगळ्यांनाच सांगते. झोपण्यापूर्वी चार मिनिटं दिवस मागे फिरवून बघायचा. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ही रीत नीट बसवून दिली, तिला आत्मपरीक्षण म्हणतात, पण त्याची सुरुवात पापांपासून न होता उपकारस्तुतीपासून होते. आज काय मिळालं? कुठे मी दार उघडलं, कुठे लावून घेतलं? त्याची क्षमा मागायची आणि उद्याची एकच गोष्ट प्रभूच्या हाती द्यायची. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "मंगळवार. जिन्यात शेजारीण बोलायला थांबली. घाईत आहे म्हटलं. घाई नव्हती." एवढीच. बुधवारी मी तिची बेल वाजवली. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. अशा नोंदी दोन-तीन महिने साठल्या की देव कुठे बोलत होता ते दिसायला लागतं, आणि बहुधा ते खुर्चीच्या बाहेर असतं.

कोरडेपणाची कारणं शोधत बसू नये, पण एक नजर टाकावी. इग्नेशियस तीन कारणं मानतात: आपलाच आळस, आपली पारख, आणि गोडवा ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. मी माझ्या अनुभवाने आणखी दोन जोडते. एक म्हणजे न मिटलेलं भांडण. ज्याचं नाव प्रार्थनेत येऊ देत नाही असं कोणी आहे का, हे बघा. माझ्या चौदा महिन्यांपैकी निदान सहा तरी त्या एका नावाने खाल्ले. क्षमा झाली असं मी म्हणत नाही, नाव घेता येऊ लागलं एवढंच, आणि तेवढ्यानेही फट पडली.

दुसरं कारण शरीर. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण कर्मेल डोंगरावरच्या अग्नीसाठी सांगतो, तिचा पुढचा अध्याय कमी सांगतो. ईजबेल राणीच्या धमकीने तो पळतो, रानात रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो. उपदेश नाही, "तुझा विश्वास कुठे गेला" नाही. ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो आणि पुन्हा तेच, खा, वाट लांबची आहे. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देव विचारतो, पण चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. ताई, तुम्ही किती तास झोपता?

आणि हे स्पष्टच लिहिते. झोप-भूक उडाली असेल, सकाळी उठणंच नकोसं होत असेल, आवडत्या माणसांतही जीव रमत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते डॉक्टरांकडे न्यायचं दुखणं आहे, आणि मरणाचे विचार असतील तर आजच न्या. नैराश्यावर गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारी माणसं मंडळ्यांत अजून भेटतात. त्यांचं ऐकून औषध थांबवलेल्या दोघांना मी पाठोपाठ इस्पितळात भेटले आहे. प्रार्थना आणि गोळी एकाच पाण्याच्या घोटाबरोबर घेता येते. जॉन ऑफ द क्रॉस यांनासुद्धा ठाऊक होतं, की आत्म्याच्या कोरडेपणात खिन्नतेचा आजार मिसळलेला असू शकतो.

कोरड्या काळात मोठे निर्णय बदलू नका, हा इग्नेशियस यांचाच नियम. मंडळी सोडणं, सेवा सोडणं, जुनं वचन मोडणं, हे सगळं पाणी शांत असताना ठरवा. याला माझा एक अपवाद आहे. ज्या मंडळीत तुम्हाला धमकावलं जातं, प्रश्न विचारला म्हणून वेगळं पाडलं जातं, पैशाचा किंवा अंगाला हात लावण्याचा प्रकार होतो, तिथून आज निघा. तिथे थांबण्याला मी सहनशीलता म्हणणार नाही.

किती दिवस चालेल हे? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्यांच्या मनात असतो. मला माहीत नाही. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत देवाची जवळीक जाणवत नव्हती. ते वाचून काही लोक हादरले. मला हायसं वाटलं. पहाटे उठून मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मग मरणाऱ्यांच्या जखमा धुणं, असा त्यांचा दिवस त्या सगळ्या वर्षांत चालूच होता. सोळाव्या शतकातले जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनाही विश्वास डळमळल्याचे झटके यायचे, तेव्हा ते स्वतःला सांगायचे, माझा बाप्तिस्मा झालेला आहे. "मला विश्वास वाटतो" असं नाही. झालेल्या गोष्टीकडे बोट. तुमचाही झाला आहे. प्रभुभोजनातही तसंच असतं. मेजाजवळ जाताना तुमच्या मनात काय चाललंय याची झडती कोणी घेत नाही, हात पुढे केला की भाकर हातावर ठेवली जाते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात पौलाचं जहाज चौदा रात्री वादळात सापडलेलं आहे. मध्यरात्री खलाशांना जमिनीची चाहूल लागते. बुडीद, म्हणजे खोली मोजायचं वजन, सोडतात तर खोली वीस वाव, थोड्या वेळाने पंधरा. खडकावर आपटू या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट बघत बसतात. उजाडायच्या आधी, जहाज अजून हेलकावत असताना, पौल भाकर घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. जहाजावर २७६ माणसं होती. बाकीचेही मग खायला लागले. जहाज पुढे फुटलंच. माणसं सगळी वाचली, काही पोहून, काही फळ्यांना धरून.

आता उपासनेत गाण्याचं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात, दारातून जागा मिळत नाही म्हणून छप्पर उकलून खाली सोडतात. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही. तो निजून होता. दर रविवारी मंडळीत काहीजण बाज धरून असतात आणि काहीजण बाजेवर असतात, आणि कपड्यांवरून ते ओळखू येत नाही. ढोंग म्हणजे लोकांनी बघावं म्हणून करणं. तुम्हाला तर कोणी बघू नये असं वाटतंय.

तेव्हा गा. जी ओळ अजिबात तोंडातून निघत नाही ती सोडा, पुढच्या ओळीला परत मिळा. आमच्याकडे एक गाणं महिन्यातून एकदा तरी व्हायचं, त्याचं दुसरं कडवं मी त्या चौदा महिन्यांत एकदाही म्हटलं नाही. शेजारी एक आजी बसायच्या. त्या ते कडवं माझ्या कानाशी म्हणायच्या, सगळे सूर सोडून, आणि तिसऱ्याला मला कोपराने ढोसायच्या.